गाडी सावलीत घ्या

मंगळवार, ४ मार्च

शिसारी आली. परिचराच्या जागेची जाहिरात सकाळी फलकावर लागली आणि दुपारी तिच्यावरच क्रिकेटच्या सामन्यांचा कागद चिकटवला! वाचली तेवढी वाचली. शुद्धलेखनाच्या चुका. विद्यापीठ म्हणे!

जागा एकच, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. तिथे हंगामी आम्ही दोघं — मी आणि काचेची भांडी धुणाऱ्या काकू. अर्ज दोघांचेही. काकू म्हणाल्या, "तुला मिळाली तर आनंदच आहे रे. पण मलाच मिळू दे!" आणि स्वतःच हसल्या. वयाच्या अटीत बसायची त्यांची ही शेवटची वेळ. ॲसिडने बोटांची सालं गेली आहेत.

गुरुवार, ६ मार्च

कार्यालयातला शिपाई दाढ कोरत म्हणाला, "कशाला घोकतोस? माणूस ठरलाय. असेल कोणाचा तरी मेहुणा!" किळस आली. तरी आम्लांची नावं पुन्हा लिहून काढली.

मंगळवार, ११ मार्च

मुलाखती. प्राध्यापकांच्या आणि आमच्या, एकाच व्हरांड्यात. खुर्च्या मीच मांडल्या, पाणी मीच भरलं, मग शर्ट बदलून उमेदवार झालो. डॉक्टरेट केलेले एक गृहस्थ, दरवर्षी येतात, मला म्हणाले, "तुमच्या जागेला अर्ज केला तर मला घेतील का हो?" मी त्यांना पाण्याचा पेला दिला.

डोक्यावर गॉगल चढवलेला एक पोरगा सारखा फोनवर. मेहुणा तो हाच!

काकू बराच वेळ आत. बाहेर आल्या त्या घामाघूम, पण चेहरा फुललेला. "ॲसिड सांडलं तर काय, पारा सांडला तर काय — सगळं सांगितलं रे! एकही अडलं नाही."

मग मी. कुलसचिव चहात बिस्किट बुडवत होते. "वडील खालीच आहेत ना? गाडी सावलीत घ्यायला सांग. जा आता."

संपलं! एकही प्रश्न नाही. त्यांच्याच ड्रायव्हरचं पोर, त्याला काय विचारायचं! इतके दिवस पाठ केलेलं सगळं तसंच पोटात घेऊन खाली गेलो. बाबांना निरोप दिला. गाडी सावलीतच होती.

बुधवार, १२ मार्च

जेवण जात नाही. बाबांना म्हटलं, तुमच्या साहेबांनी चारचौघांत माझा पाणउतारा केला. ते जेवता जेवता म्हणाले, "बरं झालं." बरं झालं! आई "अहो" एवढंच म्हणाली. या घरात कोणाला चीड म्हणून येत नाही.

गुरुवार, २० मार्च

निवड झाली. माझी!

गॉगलवाला निराळ्याच जागेसाठी आला होता. त्यालाही नाही मिळाली.

बाबा म्हणाले, "वेड्या, ठरलेल्याला कोणी प्रश्न विचारतं का? उत्तर चुकलं तर पंचाईत कोणाची? साहेबांच्या घरची दुखणीखुपणी, पोरांच्या शाळा, पाहुण्यांची ने-आण — सगळं केलं ते काय हौस म्हणून?" आई म्हणाली, "तोंड गोड कर आधी." साखर तोंडात धरून बसलो. गिळवेना.

आणि तरी, नाही म्हणालो नाही. एकदाही नाही.

शुक्रवार, २१ मार्च

रुजू झालो. काकूंनी ओल्या हातानेच पाठीवर थाप मारली. "माझंच काहीतरी चुकलं असणार बघ. तुला काय काय विचारलं रे त्यांनी?"

मी म्हटलं, "फार अवघड विचारलं, काकू."