साडेतीन गावांचा परदेश

१ डिसेंबर १९४७, सातारा
आजपासून रोजनिशी नियमित. सुपारी बंद. दहिगिरी संस्थानावर पुस्तक लिहिणार: ‘एका स्वतंत्र राष्ट्राचा धार्मिक वारसा’. संस्थान साडेतीन गावांचं. उरलेलं अर्धं गाव ओढ्यापलीकडे, आपल्या जिल्ह्यात. पण इंग्रज गेले आणि विलीनीकरण अजून व्हायचंय, तेव्हा आजच्या घटकेला ते स्वतंत्र राष्ट्र आणि माझा हा परदेशप्रवास. रिटायर्ड हेडमास्तराला शोभेल असं काम. बायकोच्या, गोदावरीच्या, नवसाशी याचा काही संबंध नाही.

२ डिसेंबर, दुपारी ३
वामकुक्षीत ती पुन्हा आली. श्रावणात गेली, तेव्हापासून रोज येते. उंबऱ्याशी बसते, मांडीवर खण-नारळ. बोलत नाही, नुसती बघते. मला विषमज्वर झाला तेव्हा ती दहिगिरीच्या देवीला बोलली होती: हे उठले तर जोडीनं येऊन ओटी भरीन. मी उठलो. मग परीक्षा, इन्स्पेक्शन, लढाई, पेट्रोलचं रेशनिंग. एकोणीस वर्षं गेली. डॉक्टरांच्या मते हे सगळं अपचन. वांगं बंद.
उठल्यावर उंबऱ्याला हात लावून पाहिला. ऊबदार होता. ऊन पडत असेल तिथं.

४ डिसेंबर, दहिगिरी
मोटार रहिमतपूरला बिघडली. परराष्ट्राच्या सरहद्दीवर पहारेकरी एकच, तो म्हशीला पाणी पाजत होता. माझ्याकडे तंबाखू मागितली आणि आत सोडलं.
मुक्काम देवीचा पुजारी कोंडीबा गुरव याच्याकडे. देऊळ कोणत्या शतकातलं, विचारलं. म्हणाला, लय जुनं हाय. टिपून घेतलं. मग सहज विचारलं, माझ्या एका मित्राला गेलेल्या बायकोचा राहिलेला जोडीचा नवस फेडायचा असेल तर? कोंडीबाची बायको बयाबाई म्हणाली, आवं मास्तर, जोडीचा नवस एकट्यानं कसा फिटंल? कोंडीबा म्हणाला, त्येलाबी वाट हाय. बाईच्या नावानं सुपारी पुजायची, कमरेला खोवायची, झाली जोडी. नवस फिटला की जीव सुटतो, परत मागं येत न्हाई.
पुढं म्हणाला, उद्या शुक्रवार हाय, मित्राला उपाशीपोटी पाठवा.

५ डिसेंबर, सकाळी ११
मित्राच्या वतीनं मीच बसलो. कोंडीबानं सुपारी पुजली, नाव विचारलं. गोदावरी म्हणालो. एकतीस वर्षांच्या संसारात ‘अगं’वर भागलं होतं, नाव कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. मग मफलर वर ओढून घेतला. इथली थंडी फार.
सुपारी कमरेला खोवली. कोंडीबा आत देवीला पाणी घालतोय, त्याला वेळ लागतोय. मी खांबांवरच्या नक्षीचं टिपण करतो आहे. मागं बांगड्या वाजल्या. बयाबाई असणार. वळून पाहिलं. बयाबाई खाली विहिरीवर होती.
वळून बघणं बंद. टिपणात लक्ष घालायचं.

१२.३०
कोंडीबानं ओटीचं ताट हातात दिलं आणि विचारलं, सुपारी हाय न्हवं? कमरेला हात घातला. नव्हती. निम्मी मांडीवर कातरलेली पडली होती, निम्मी तोंडात. अडकित्ता कधी काढला तेही कळलं नाही. चाळीस वर्षांची सवय, हात कुणाला विचारत नाही.
बयाबाई म्हणाली, आवं, बायकू खाल्ली की तुमी.
थुंकावं की गिळावं कळेना. गिळली. कोंडीबा म्हणाला, हुतंय असं, दुसरी पुजतो, तासाभराचं काम.

दुपारी २
दुसरी नको म्हणालो. आधी म्हणालो उशीर होतोय. मग म्हणालो मित्राचा विचार बदलला. बयाबाई नुसती बघत राहिली, तेव्हा खरं सांगितलं. नवस फिटला की ती यायची बंद होईल. आणि माझ्या घरी दुसरं कोणी येत नाही.
बयाबाईनं भाकरी वाढली. जेवलो.
पुस्तकाचं पाऊण पान झालंय, ते तेवढंच राहू दे. उद्या सकाळच्या मोटारीनं निघतो. वाटेत बिघडली नाही तर दुपारी झोपायच्या वेळेपर्यंत घरी पोचेन.