मैल भरला तिथलं दार

दि. ४ मार्च

ती. काकांस कृ. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? लेप लावता, की नुसता वास घेता?

इकडे मी रडकुंडीला आलेय. वाहतूक खात्याचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आहे, ठाऊकच आहे तुम्हाला. धान्यबाजारामागची ती दोन खोल्यांची कचेरी दहा तारखेला पाडणार, गाड्या लावायला जागा हवी म्हणून! खातं तिथेच सुरू झालं, असं मी संचालकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पुरावा आणा, नाहीतर इतिहास नव्या इमारतीपासून लिहा. जुनी दप्तरं तर पुरात गेली. तुम्ही जन्मभर खात्याचे मैलाचे दगड रोवलेत. काही आठवतं का?

तुमची,
चिमणी

दि. ६ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

आठवतं का म्हणून काय विचारतेस? विसरता येत नाही, ही खरी अडचण! मी नवा लागलो तेव्हाच कचेरी नव्या इमारतीत गेली. सगळे मैलाचे दगड नव्या दारापासून मोजून पुन्हा रोवा, असा हुकूम निघाला. उत्तरेचा रस्ता आमच्या टोळीकडे. खात्याची मोजणी पहिल्यापासून जुन्या कचेरीच्या दारातून व्हायची; टोळीने आपलं सवयीने मोजणीचं चाक त्याच जुन्या दारातून सोडलं! बावीस दगड रोवल्यावर मुकादमाच्या ध्यानात आलं. त्याने तोंडावर बोट ठेवलं, आम्ही मूग गिळले. तेव्हापासून तो रस्ता अर्धा मैल चुकतोय आणि गाडीवाले आमच्या नावाने खडे फोडताहेत.

तर साहेबांना घेऊन पहिल्या दगडाशी जा. चाक शहराकडे उलट ढकल. मैल भरेल तिथे कुठलं दार येतं, ते त्यांनाच बघू दे. चूक खुशाल माझ्या नावावर लिही. लाजायचं वय गेलं आता.

लेप तुझी काकूच लावते, दटावून. माया आहे तशीच राहू दे.

तुझा काका

दि. ९ मार्च

ती. काकांस कृ. सा. न. वि. वि.

काका, जिंकलो! चाक साहेबांनी स्वतः ढकललं, मागे अख्खी कचेरी. नव्या इमारतीसमोर आलो तर जेमतेम अर्धा मैल. साहेब चाक ढकलतच राहिले. बाजार ओलांडला, बोळात वळलो आणि मैल भरला तेव्हा चाक थेट जुन्या उंबरठ्याला टेकलं. साहेबांनी तीनदा वाकून आकडा वाचला आणि पाडण्याचा हुकूम तिथेच, भिंतीला कागद लावून, रद्द केला. उद्याच्या पाडकामाची तयारी करायला आलेल्या गड्यांनीच आधी टाळ्या पिटल्या!

तुमची चूक पहिल्या प्रकरणात घेतलीय. साहेब म्हणाले, उत्तरेचा एकही दगड हलवायचा नाही, आपण नकाशे बदलू. आता जुन्या दारात शून्याचा दगड बसवायचाय. तो तुम्हीच रोवायचा, असा लेखी हुकूम सोबत जोडलाय. काकूंना घेऊन या, आणि माझ्यावरचा जीव असाच असू द्या.

तुमची,
चिमणी