मनधरणी विभागाला फोन

६ जानेवारी, सोमवार. सकाळी.
उणे एकतीस. ट्रक कुरकुरला, पण निघाला.
इंटरनेटचं बिल आलं. सवलतीचं वर्ष संपलं, आकडा पुन्हा आभाळाला. दर जानेवारीत हेच होतं आणि दर जानेवारीत मी बड्या कंपनीला फोन करून सांगतो की मी चाललो. (कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.) मग ते मला दुसरीकडे जोडून देतात. त्या खात्याचं नाव ते काहीतरी गुळमुळीत सांगतात, मी त्याला मनधरणी विभाग म्हणतो. तिथली माणसं आर्जवं करतात, मी उसासे टाकतो, आणि पुढचं वर्ष निम्म्या भावात. आमच्या थंडर बे गावात हे सगळेच करतात, पण घाईघाईने करतात. माझं तंत्र वेगळं आहे. ‘जायचा विचार करतोय’ एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. समोरच्याला शांतता सोसत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. गवत कापायच्या यंत्राचं इंजिन, घरातली वायरिंग, तळघरातली वाफेची सौना, सगळं आपलं आपण शिकलो, तसंच हे.
शेजारचा जीनो पेलिझारी कुंपणावरून म्हणाला, अर्व्हो, लेका, तू कंपनीला रडवतोस, मला तर त्यांचं यंत्रसुद्धा उलट बोलतं. मी म्हटलं, कला आहे.
बायकोला, डार्लीनला सांगितलं. ती म्हणाली, यंदा नको. एकतीस तारखेपर्यंत या घरातल्या तारेला बोटसुद्धा लावू नकोस. तिची नवी नोकरी आहे ना. मागच्या खोलीत हेडफोन लावून बसते, हायवेवर गाडी बंद पडलेल्यांचे फोन घेते, टोइंगची गाडी पाठवते. तिचं दुकान बंद झाल्यावर किती महिने नुसती खिडकीपाशी बसून होती, तेव्हा कुठे ही मिळाली. महिनाअखेरपर्यंत कच्ची. मध्येच लाइन तुटली तर नोकरीही तुटेल.
मी म्हटलं, नुसतं बोलणार आहे. बोलण्याने तार तुटत नाही.

७ जानेवारी, मंगळवार. दुपारी.
फोन केला. मनधरणी विभागात ब्रिजिट नावाची बाई, मंक्टनहून बोलत होती. आवाज गोड. मी म्हटलं, जायचा विचार करतोय. आणि गप्प बसलो.
तीही गप्प बसली.
अशी शांतता मी गोठलेल्या तळ्यावर मासे धरतानाही ऐकलेली नाही. मी एक उसासा टाकला. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज. मग ती म्हणाली, झालं मिस्टर केटोला, एकवीस तारखेला सकाळी बंद होईल, आणखी काही मदत हवी का. मी म्हटलं, नको, उत्तम.
‘उत्तम’ का म्हणालो ते तपासावं लागेल.
हे तिचं तंत्र असणार. उद्या त्यांचाच फोन येईल. घाबरलेलो नाही. अक्षर थंडीमुळे हललंय.

९ जानेवारी, गुरुवार.
फोन आला. दाताच्या डॉक्टरांकडून.
डार्लीनला सांगावं का, यावर सौनात बसून विचार केला. निर्णय: इतक्यात नाही. घाबरलेल्या माणसाला आधी औषध दाखवावं, मग आजार सांगावा. घाबरलेला माणूस म्हणजे डार्लीन. (तिला अजून माहीत नाही, पण घाबरेल.) एकवीसच्या आत स्वस्त आणि जास्त चांगलं कनेक्शन शोधायचं, ते चालू झालं की सहज जेवताना सांगायचं. ती म्हणेल, अर्व्हो, तुझ्याशिवाय हे कुणाला जमलं असतं?
जेवताना तिने विचारलं, केलास का रे तो फोन? मी म्हटलं, बोलणी चालू आहेत. ती म्हणाली, तुझी बोलणी चालू असली की शेवटी मलाच निस्तरावं लागतं. काल तिने एका म्हाताऱ्याला फोनवर धीर देत बसवून ठेवलं होतं, गाडी पोहोचेपर्यंत. तो तिला ‘पोरी’ म्हणाला. सांगताना तिचे डोळे चमकत होते. मला बटाटा गिळेना. बटाटा कच्चा असावा.

११ जानेवारी, शनिवार.
पद्धतशीर अभ्यास. हवेतून येणारं इंटरनेट: स्वस्त, पण खांबाच्या आणि आमच्या मध्ये पाच स्प्रूस. झाडं जीनोची. तोडू का विचारलं, तर म्हणाला, आधी तुला तोडतो. उपग्रहाचं: थाळी छपरावर बसवावी लागते आणि छपरावर बर्फाचा काचेसारखा थर. मी घाबरत नाही, पण शिडी जुनी आहे. फोनच्या तारेवरचं: त्या कंपनीच्या माणसाने आमचा पत्ता तपासला आणि हसला.
लोकांचे अभिप्राय वाचले. वाचायला नको होते. एका कंपनीला एकाच माणसाने पाच तारे दिलेत, आडनाव मालकाचंच. दुसरीबद्दल एक बाई लिहिते की तीन आठवडे माझं घर मेलेलं होतं. मेलेलं. हा शब्द दिवसभर डोक्यात. मागच्या खोलीतून डार्लीनचा आवाज येत होता, घाबरू नका, मी लाइनवर आहे, कुठेही जात नाही. ती हे दुसऱ्या कुणाला तरी म्हणत होती.

१३ जानेवारी, सोमवार.
सापडली! ‘बर्चबीम’. छोटी कंपनी, भाव निम्म्याहून कमी, करार नाही. मालक रॉस स्वतः फोन उचलतो. मी त्याला अकरा प्रश्न विचारले, सगळ्यांना त्याने हो म्हटलं. म्हणाला, तंत्रज्ञ गुरुवारी येईल, सकाळी आठ ते संध्याकाळी पाचच्या मध्ये कधीतरी. आमची माणसं कुठून येतात वगैरे तो काही सांगू लागला होता, पण मी म्हटलं, मला कळतं त्यातलं.
गुरुवारी डार्लीन बर्फावर कर्लिंग खेळायला जाते, दुपारच्या पाळीपर्यंत घरात नसते. नशीबसुद्धा अभ्यास करणाऱ्याच्याच बाजूने असतं. बेकरीतून दोन पर्शियन बन आणले, गुलाबी आयसिंगचे. एक विजयापूर्वी खाल्ला.

१६ जानेवारी, गुरुवार. सकाळी.
भयंकर.
सव्वादहाला दारात गाडी थांबली. बर्चबीमची नाही. बड्या कंपनीची! लांबलचक पांढरी व्हॅन, कडेला त्यांचं चिन्ह. त्यातून धिप्पाड माणूस उतरला, कमरेला हत्यारांचा पट्टा. माझ्या क्षणात लक्षात आलं: ब्रिजिटने पाठवला. मुदतीच्या आधीच मोडेम उचलायला आला. डार्लीनची पाळी दीड तासावर!
शांत डोक्याने दिवे घालवले. मोडेम कोटाखाली घेतला आणि तळघरात सौनात जाऊन बसलो. सौना बंद होती, आत बाहेरच्याइतकीच थंडी. त्याने बेल वाजवली. मग दार ठोठावलं. मग हाक मारली, मिस्टर केटोला! माझं नाव त्याला ठाऊक होतं. नेमका तेव्हाच खोकला आला. टोपी तोंडात कोंबली.
गेला. दाराच्या मुठीला कार्ड लटकवून गेला: भेट झाली नाही, क्षमस्व. धमकी किती सभ्य शब्दांत देतात!

तोच दिवस. दुपारी.
मोडेम परत लावला, डार्लीनची पाळी वेळेवर सुरू. रॉसला फोन केला, तुमचा माणूस आला नाही म्हणून झापलं. तो म्हणाला, आला होता की, दार उघडलं नाहीत. मी म्हटलं, तो तर बड्या कंपनीचा होता. रॉस म्हणाला, हो, तेच येतात. आमच्यासारख्या छोट्या कंपन्यांकडे स्वतःची तार कुठे असते, आम्ही त्यांचीच भाड्याने घेतो, जोडायला माणूस त्यांचाच. सोमवारी मी तेच सांगत होतो.
मी म्हटलं, अर्थातच. मला माहीतच होतं, तुमची परीक्षा घेत होतो. पुढची तारीख? तो म्हणाला, तीस.
म्हणजे एकवीसपासून तीसपर्यंत काही नाही. काहीच नाही.

१८ जानेवारी, शनिवार.
बड्या कंपनीला फोन केला. फक्त माहितीसाठी. नेमकी ब्रिजिटच. म्हणाली, मिस्टर केटोला, जायचं रद्द करताय का? नुसतं हो म्हणा, मी लगेच पुसून टाकते.
एक शब्द. तोही एका अक्षराचा.
राँग नंबर, असं म्हणून ठेवून दिला.
चौदा वर्षं ते माझ्या पाया पडत आलेत. मी पहिल्यांदा वाकायचं म्हणजे सगळी पद्धतच मोडते. शिवाय माझ्याकडे दुसरा मार्ग आहे. उद्यापर्यंत सुचेल.
डार्लीनच्या सुपरवायझरने तिला लिहिलंय की तिच्या आवाजाने लोक शांत होतात. तिने मला ते दोनदा वाचून दाखवलं. मी शांत झालो नाही.

२० जानेवारी, सोमवार.
जीनोला सगळं सांगितलं. तो इतका हसला की कुंपणाला धरून बसला. म्हणाला, म्हणजे तू जातो जातो म्हणालास आणि त्यांनी दार उघडून दिलं? मग म्हणाला, डार्लीनला सांग गाढवा, आजच सांग. मी म्हटलं, तिला ताण नको. तो म्हणाला, ताण तुला हवाय वाटतं.
पण माणूस चांगला. त्याच्या राउटरपासून आमच्या मागच्या खोलीपर्यंत तार टाकू दिली. कुंपणाखालून, बर्फात पुरून, तिच्यावरून लाल चिंध्यांच्या काठ्या. सुबक काम. डार्लीनने खिडकीतून विचारलं, या काठ्या कसल्या? मी म्हटलं, ट्युलिपच्या जागा आखतोय. ती म्हणाली, जानेवारीत? मी म्हटलं, अभ्यास.

२१ जानेवारी, मंगळवार.
सकाळी बड्या कंपनीचं बंद. जीनोची तार लावली. चालू! डार्लीनला पत्ताही नाही. थोडक्यात, मीच एक कंपनी झालो. 

२४ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी. सौनातून.
दुपारपासून तुफान बर्फ. काठ्या बुडाल्या. जीनोचं अंगण भरून गेलेलं, त्याची पाठ दुखते, आणि त्याचे उपकार होतेच, म्हणून म्हटलं, त्याचं अंगण साफ करून द्यावं. तार कुठून जाते ते मला तोंडपाठ होतं. मीच पुरली होती.
बर्फ उडवायच्या यंत्राने एक आचका दिला आणि काहीतरी काळं, लांब, हवेत भिरकावलं.
यंत्र बंद केलं. खिडकीत डार्लीन उभी दिसली. दोन्ही हात हेडफोनवर. हॅलो, हॅलो, म्हणत होती. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण ओठ दिसत होते.
आत गेलो. ती म्हणाली, निपिगॉनच्या अलीकडे एक बाई आहे, गाडी खड्ड्यात, मागच्या सीटवर तिचे वडील, आणि गाडीचा हीटर गेलाय. तिला मी म्हटलं होतं की मी कुठेही जात नाही.
 माझ्या हातात तारेचा तुकडा होता. तिने तो पाहिला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
स्वतःच्या मोबाइलवरून तिने निपिगॉनच्या टोइंगवाल्या लॉरीला थेट गाठलं. म्हणाली, लॉरी, डार्लीन बोलतेय, लाल व्हॅन आहे, पुलाच्या अलीकडे, सगळं टाकून आत्ता निघ. मग पोलिसांना. मग नुसती बसली, फोन मांडीवर ठेवून. मी शेजारी बसलो. ती म्हणाली, तिकडे बस.
बाहेरचं काही दिसत नव्हतं. मी आयुष्यात इतका घाबरलेलो नाही. हे एकदाच लिहितो.
अंधार पडताना लॉरीचा फोन आला. सापडले दोघं. म्हातारा चिडलाय, म्हणजे ठीक आहे.
मग डार्लीन रडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, आता बोल. पहिल्यापासून. उसासे वगळून.

२५ जानेवारी, शनिवार.
सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू सौनात मोडेम पोटाशी धरून बसलास, पण मला एक वाक्य सांगवलं नाही तुला? मी म्हटलं, तू घाबरली असतीस. ती म्हणाली, मी रोज आठ तास घाबरलेल्यांशीच बोलते, अर्व्हो. ते निदान सांगतात की घाबरलोय.

मग तिने बड्या कंपनीला फोन केला. मनधरणी विभाग नाही, काही नाही. म्हणाली, नमस्कार, मला नवीन कनेक्शन हवंय, माझ्या नावावर. नवीन ग्राहकाचा भाव मी चौदा वर्षांत मिळवलेल्या कुठल्याही भावापेक्षा कमी निघाला. मी मध्येच गप्प बसण्याचा सल्ला दिला. तिने मलाच गप्प बस म्हटलं. रॉसचं तीस तारखेचंही तिनेच रद्द केलं. त्याने फक्त विचारलं म्हणे, ते अकरा प्रश्नवाले का?

२७ जानेवारी, सोमवार.
धिप्पाड माणूस आला. तोच. नाव कर्टिस. डार्लीनला म्हणाला, मागे आलो होतो, तळघरात कुणीतरी खोकत होतं, मला वाटलं, आजारी माणूस आहे, जाऊ दे. डार्लीन म्हणाली, आहे, पण औषध नाही. दोघं हसले. मी त्याला वायरिंगबद्दल एक सूचना केली. त्याने ऐकून घेतली आणि केली नाही.
दुपारी डार्लीनची सुपरवायझरशी बैठक. मी दाराबाहेर उभा. नोकरी राहिली, पण पक्की नाही. कच्चा काळ आणखी महिनाभर वाढला. लाइन तुटली म्हणून काढणारच होते, लॉरीला स्वतःहून गाठलं म्हणून ठेवली. म्हणजे मी तोडलं आणि तिने जोडलं. वेगळ्या नजरेने पाहिलं तर तार तुटल्यामुळेच तिचं कौशल्य त्यांना दिसलं. हे डार्लीनला अजून सांगितलेलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.
नवा निश्चय. डार्लीनचा भाव चांगला आहे, पण घासाघीस झालेलीच नाही. माझ्या अनुभवाने आणखी खाली येईल. तिला कळायच्या आत करून टाकावं, म्हणून ती पाळीची तयारी करत असताना फोन लावला. या वेळी तरुण मुलगा होता. मी नाव सांगितलं, पत्ता सांगितला, चौदा वर्षांचं सांगितलं.
तो म्हणाला, माफ करा, या खात्यावर तुमचं नाव नाही, मी तुमच्याशी काही बोलू शकत नाही.
मी म्हटलं, मग घाला.
तो म्हणाला, त्यासाठी खातेदार बाईंचा होकार लागेल. जवळपास आहेत का? जरा त्यांना फोनवर देता?
डार्लीन मागच्या खोलीतच होती. दार उघडं होतं.
मी तंत्राप्रमाणे गप्प बसलो. त्याने फोन ठेवला, तरी गप्प बसून राहिलो.