टाकी का रिकामी होते

चिरंजीव,

टाकी दुपारीच रिकामी होते म्हणून आज प्लंबर बोलावला. त्याने सगळे पाइप ठोकून पाहिले, गळती नाही. बाळ झोपलं की तुझी बायको बाथरूममध्ये नळ सोडून रडते, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मी विचारलं तर म्हणाली, "बाबा, मला बाळाजवळ जावंसंच वाटत नाही. मी कसली आई?"

तिला चौकातल्या डॉक्टरबाईंकडे नेतोय. बाळ तुझ्या आईपाशी आहे. "आम्ही नाही का मुलं वाढवली?" असं ती म्हणायला लागली होती, पण बोलणं अर्ध्यावरच सोडून तिने बाळाला उचललं.

ऑफिसच्या कपड्यांतच तिकडे ये. "सगळ्याच बायका करतात" हे तुझं वाक्य मात्र घरीच ठेवून ये.

— बाबा