नथूची पाच मतं

सुदुंबरे,
१५ एप्रिल

प्रिय यशोताई,
सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे बरे आहोत. काल जयंतीला तू आली नाहीस. विहारात विठाबाईआत्यानं तीनदा विचारलं, "यशी कुटं हाय?" कान्हे गावात तुझा क्लास असेल, असं मी सांगितलं. तुझा कॉम्प्युटर क्लास जयंतीला बंद असतो, हे तिलाही ठाऊक आहे.

कारखान्यात माझं ठीक चाललंय. वेल्डिंगच्या रोबोटला मी शिकवलं, हे तू पंचायत समितीच्या प्रचारात गावोगाव सांगितलंस. "माझ्या भावानं मशीनला शिकवलं, तुमची मुलंही शिकतील." टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

पुढचं तुला सांगितलं नव्हतं. साहेबांनी माझ्या हातात रिमोट दिला. कोपऱ्यावर मी हात कसा वळवतो, कुठं थांबतो, ते तीन आठवडे मी त्याला दाखवत होतो. चौथ्या आठवड्यात आपल्या भावकीतल्या नथूसकट सहाजण कामावरून घरी. मी उरलो, पत्रे लावून हिरवं बटण दाबायला. एकवीस वर्षं वेल्डिंग केलंय मी, ताई. लाज वाटते.

निवडणुकीत तुझ्याविरुद्ध उभा असलेला सुहास रोज गेटवर यायचा. म्हणायचा, बाहेरच्यांनी तुमचं काम खाल्लं. साफ खोटं. झारखंडचा रतन त्या सहांतच होता, त्याला गाडीत मीच बसवून दिलं. तरी ऐकायला बरं वाटायचं. मशीनवर राग काढावा तर तिला शिकवणारा मीच. आणि तुमचं काहीतरी गेलंय, एवढं तरी सुहास म्हणायचा. तू फक्त काय येणार ते सांगायचीस.

मतदानादिवशी तुझा प्रतिनिधी म्हणून बूथवर मी बसलो. बसायच्या आधी मत दिलं, ते सुहासला. कंपनीच्या बसमधल्या गावच्या आठजणांनी आदल्या दिवशी विचारलं होतं, "काय करायचं, राजाभाऊ?" मी म्हणालो, "ज्याचं त्याला कळतंय." तुझं नाव घेतलं नाही. त्यांनी काय ते ओळखलं.

तू अकरा मतांनी पडलीस आणि म्हणालीस, नथूनं दगा दिला, नोकरीचा राग माझ्यावर काढला. मी शेजारीच उभा होतो. गप्प बसलो. तेव्हापासून भावकी त्याच्या दारात जात नाही. परवा तो मला म्हणाला, "आमच्या घरची पाचीच्या पाची मतं ताईलाच दिली रं. पर दावू कशी?" मला वर बघवलं नाही.

रविवारी त्याच्या चैतालीचं लग्न आहे. तू पत्रिका परत पाठवलीस. ज्या पोरीला तू फी न घेता शिकवलंस, तिची पत्रिका.

पुन्हा मतदान झालं तर तुला देईन का, ते आज सांगता येत नाही. उगाच गोड बोलायचं नाही म्हणून फोन न करता लिहितोय. रविवारी मंडपात, सगळी भावकी बसली असताना, मी हे उभं राहून सांगणार आहे. ते तुला आधी माझ्याकडून कळावं.

माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. नथूशी बोल.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझा पाठचा भाऊ
राजेंद्र