जावक क्रमांक ४१

।। श्री ।।

कर्वेनगर, पुणे
३ मार्च २०२६

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

कर्वेनगर ते नारायण पेठ हे अंतर रिक्षाने वीस मिनिटांचं, तरी पत्र लिहिते आहे. काल फोनवर तुम्हीच बजावलंत की भांडणाची गोष्ट कागदावर आल्याशिवाय तुम्ही कान देत नाही. तुम्ही हेडक्लार्कच्या खुर्चीवरून उठून तेरा वर्षं झाली, पण खुर्ची घरी घेऊन आलात असं काकू म्हणतात ते खोटं नाही.

तर आता कागदावर घ्या. परवा माझ्या फ्लॅटची वीज तोडली. मीटर घरमालक हिंमतरावांच्या नावावर, बिलही त्यांच्याच पत्त्यावर जातं, म्हणून मी भाड्याबरोबर विजेचे पैसे दर महिन्याला त्यांच्या हातात देते. त्यांनी चार महिने बिल भरलेलंच नाही. जाब विचारला तर म्हणाले की तुम्ही पोरी मोबाईल फार चार्ज करता. त्यांच्या चिरंजीवांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात झळकतो आहे आणि त्यावर चार फोकस सोडले आहेत. माझी वीज कुठे गेली ते मला येता-जाता दिसतं.

काकूंनी दिलेलं लोणी फ्रिज बंद पडल्यामुळे घाईघाईने कढवलं. घरून करायचं काम आता ऑफिसात अपेक्षाच्या शेजारी बसून करते. अपेक्षा म्हणजे माझी यवतमाळकडची मैत्रीण, दिवाळीला शेव घेऊन आली होती ती. भाडंच थांबवावं असं मनात येतंय. पण घर सोडायचं नाही. पुण्यात एकट्या मुलीला घर मिळवताना जेवढ्या मुलाखती दिल्या, तेवढ्या मी नोकरीसाठीही दिल्या नव्हत्या.

उत्तर लवकर यावं. काकूंना नमस्कार.

आपली अंधारातली,
अपूर्वा

---

।। श्री ।।

जा. क्र. ४०/२०२६
नारायण पेठ, पुणे
७ मार्च २०२६

चि. अपूर्वास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आवक क्रमांक ६३. वर 'विषय' लिहिलेला नाही, या खेपेस सोडून देतो.

पहिली गोष्ट, भाडे थांबवू नकोस. आत्ता चूक त्याची आहे, भाडे थांबवलेस की तुझीही होईल. वाजवी कारणाशिवाय भाडेकरूचे वीज-पाणी रोखणे घरमालकाला कायद्याने मना आहे आणि त्यासाठी कोर्टाचे दार ठोठावता येते. मात्र तुझ्यासारख्या अकरा महिन्यांच्या करारवाल्यांनी आधी तो करार वाचावा. सही करताना वाचला नसशीलच. विजेचे पैसे कोणी कोणाला द्यायचे याचे कलम त्यात नक्की असेल. आणि कोणाचेही वीजबिल ग्राहक क्रमांक ठाऊक असला की कोणालाही भरता येते. भर, पावती ठेव, आणि पुढच्या भाड्यातून वळते करून घेणार असल्याचे लेखी कळवून त्याची लेखी संमती माग. त्याच्याशी तोंडी काहीही बोलू नकोस. 'जेवलात का' हेसुद्धा नाही.

सोबत नोटिशीचा नमुना जोडला आहे. पुढेमागे कोणालाही उपयोगी पडावा म्हणून नावांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत आणि 'वीज/पाणी (नको ते खोडावे)' असे घातले आहे. नमुन्याला वेगळा जावक क्रमांक दिला आहे, ४१. शेवट मला स्वतःला आवडला: 'कळावे. लोभ नसला तरी चालेल, वीज/पाणी असावे.'

खचू नकोस. मी स्वतः मांजरी गावातल्या आमच्या फ्लॅटपायी तिथल्या सोसायटीशी सात महिने झुंजतो आहे. टँकरचा खर्च प्रत्येक घराच्या नळांच्या संख्येवर लावा म्हणतो, ते सरसकट सारखा लावतात. म्हणून मी त्यांना छदाम दिलेला नाही. आठ पत्रे झाली. तिथे भाड्याने कोणी विदर्भाकडची माणसे राहतात, त्यांचे सगळे एजंट बघतो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

कळावे. लोभ आहेच, पावत्या जपाव्यात.

तुझा,
दिगंबरकाका

---

।। श्री ।।

कर्वेनगर, पुणे
१६ मार्च २०२६

विषय: वीज आली!

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमची नोटीस रामबाण निघाली. मी 'पाणी' खोडलं, बिल भरलं आणि स्पीड पोस्टाने पाठवून दिली. तिसऱ्या दिवशी हिंमतराव दारात. घाबरले ते कायद्याला नाही, तुमच्या जावक क्रमांकाला. ४१ आकडा पाहून त्यांना वाटलं, आधीच्या चाळीस नोटिसा मी पोलिसांपासून पालिकेपर्यंत सगळीकडे धाडल्या आहेत. बिलाचे पैसे भाड्यातून वळते करायला त्यांनी उभ्या उभ्या लिहून दिलं. मी तोंडी काही बोलले नाही, पण पाणी विचारलं. तेवढं माफ करा.

आता एक खरी अडचण. ती माझी नाही, अपेक्षाची आहे. तिने तीन वर्षं पैसे साठवून, भाड्याचं घर घेऊन आईला गावाहून आणलं. घर चौथ्या मजल्यावर आहे. घरमालक सोसायटीचे पैसे भरत नाही म्हणून सोसायटीने त्या फ्लॅटच्या पाण्याचा वॉल्व्हच बंद करून टाकला. इंदुबाई, म्हणजे तिची आई, खाली वॉचमनच्या नळावरून कळशीने पाणी वाहतात. लिफ्ट आहे, पण आत 'पाण्याची भांडी नेऊ नयेत' अशी पाटी लावली आहे. इंदुबाईंचे गुडघे सुजले आहेत. एजंट फोन उचलत नाही. महिनाअखेर नळाला पाणी आलं नाही तर आईला गावी परत पाठवायचं, असं अपेक्षाने ठरवलंय. हे सांगताना ती ऑफिसात सगळ्यांसमोर रडली.

आता माझा प्रश्न. हा घरमालक हिंमतरावांसारखा नाही. माणूस चांगला आहे, हे मी खात्रीने सांगते. फक्त सोसायटीशी कुठल्याशा तत्त्वावरून अडून बसला आहे. अशा माणसाला नोटीस पाठवावी का? की त्याच्याशी जाऊन बोलावं? मला दोन दिवस नीट जेवण गेलेलं नाही. तुम्ही सांगाल तसंच करू.

पाडव्याला येते. काकूंना म्हणावं, श्रीखंडाला चक्का घरचाच हवा.

आपली,
अपूर्वा

---

।। श्री ।।

जा. क्र. ४६/२०२६
नारायण पेठ, पुणे
२१ मार्च २०२६

चि. अपूर्वास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा पाडव्याला तू श्रीखंड खाऊन गेलीस, पण तुझ्या प्रश्नाचे उत्तर पानावर बसून द्यायचे नव्हते. ते लेखी देतो. शिवाय तू माझ्याकडे अशी काही बघत होतीस की मला वाटले, ताटात तुझे नावडते पडवळ वाढले की काय.

तुझ्या मैत्रिणीचा घरमालक चांगला माणूस आहे, हे तुला कोणी सांगितले? तो हिंमतरावाहून वाईट आहे. हिंमतराव निदान पैसे खाऊन मोकळा झाला. हा गृहस्थ वर स्वतःला सज्जन समजतो. भांडायचे तर स्वतःच्या घशाला कोरड पाडून भांडावे. घरात भाडेकरू कोण आहे, त्याच्या नळाला पाणी आहे का, एवढेही न पाहता घरबसल्या तत्त्व चालवणारा माणूस मला भेटला तर मी त्याला उभा सोलीन. आणि ती लिफ्टमधली पाटी ज्याच्या सुपीक डोक्यातून निघाली त्याला आधी चार मजले चढवा.

पाणी तोडण्याचा अधिकार सोसायटीलाही नाही, तिला वेगळे पत्र जावे. पण पहिले मालकाला. माझाच नमुना वापर. अक्षरसुद्धा बदलू नकोस. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर पाकिटावर दोघांची नावे घाल. एकाने दडवले तरी दुसऱ्याला कळते. आणि जाऊन बोलायचे मुळीच नाही. अशी माणसे बोलण्यात फार गोड असतात.

कळावे. लोभ आहेच, मुलाहिजा नसावा.

तुझा,
दिगंबरकाका

---

नारायण पेठ, पुणे
३० मार्च २०२६

चि. अपूर्वास,
काकूचे अनेक आशीर्वाद.

मला वर काय काय लिहायचं असतं ते येत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. परवा सकाळी पोस्टमन आला. पाकिटावर ह्यांचं आणि माझं, दोघांचं नाव. पोह्यांची बशी बाजूला ठेवून ह्यांनी सही केली, आवक क्रमांक घातला, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. भाडेकरू अपेक्षा, मांजरीचा फ्लॅट, विषय पाणी. 'वीज' खोडलेली. पहिला परिच्छेद झाल्यावर मला म्हणाले की मसुदा उत्तम आहे, कोणी मुरलेल्या माणसाने लिहिलेला दिसतो. दुसऱ्या परिच्छेदाला आवाज बारीक झाला. मग ह्यांची नजर वरच्या कोपऱ्यात गेली. जा. क्र. ४१.

उठून जावक रजिस्टर काढलं. एकेचाळिसावर बोट ठेवलं. तिथे ह्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: नोटिशीचा नमुना, चि. अपूर्वा, कर्वेनगर. पोहे गार झाले. दुपारी आमटी दुसऱ्यांदा मागितली नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात असं दोनदाच झालंय, आणि पहिल्या वेळी आमटी बिघडली होती.

मला तुझा राग आला नाही. ह्यांचा मात्र फार आला. सोसायटीशी पत्रापत्री चालली आहे एवढंच मला ठाऊक होतं. मला वाटे, चालू दे, निवृत्त माणसाला काहीतरी हवं. तिकडे एक बाई कळशा वाहते आहे हे मला कोणी सांगितलं नाही. सांगायचं कोण म्हणा, ह्यांनाच ठाऊक नव्हतं. तेच तर म्हणते मी. सात महिने पत्रं लिहिली आणि एकदा बस पकडून जाऊन बघितलं नाही.

तुझे काका कसे आहेत तुला माहीत आहे. मी बाळंतपणाला माहेरी होते तेव्हा मला आलेल्या पत्रांवरसुद्धा जावक क्रमांक असायचा. मुलगा झाल्याच्या आनंदाचं पत्र, जा. क्र. १७. आज सकाळी टोपी घालून, न सांगता कुठेतरी गेलेत. रजिस्टर घरीच आहे.

गुळांबा केलाय, येऊन घेऊन जा. अपेक्षासाठीही एक बरणी काढली आहे.

तुझी,
हेमाकाकू

---

नारायण पेठ, पुणे
२ एप्रिल २०२६

चि. अपूर्वास,
आशीर्वाद.

सोमवारी मांजरीला जाऊन आलो. तुला माहीत होते, तरी तू मला तोंडावर बोलली नाहीस. मीच तुला तसे शिकवले होते.

आधी लिफ्टमध्ये शिरलो. आतली पाटी वाचली: 'पाण्याची भांडी नेऊ नयेत. पाणी सांडून ओल होते व सभासदांना उपसर्ग पोचतो.' 'उपसर्ग पोचतो' असे आजकाल कोण लिहिते? दोन वर्षांपूर्वी फ्लॅट भाड्याने देताना मीच लिफ्टमधल्या ओलीबद्दल सोसायटीला लिहिले होते. त्यांनी माझे वाक्य उचलून पाटीवर घातले. त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता.

खाली उतरलो. इंदुबाई नळावर होत्या. मी घरमालक असल्याचे सांगितले आणि एक कळशी उचलली. दुसऱ्या मजल्यावर बसलो, तिसऱ्यावर पुन्हा बसलो. त्या दोन कळशा घेऊन माझ्यापुढे गेल्या आणि वर रिकाम्या करून मला न्यायला परत आल्या. मी तत्त्वाचे सांगू लागलो तर म्हणाल्या की तत्त्व तुमचं खरं असंल जी, पण ते चढून येत नाही, मीच चढून येते. अपूर्वा, मला लाज वाटली. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे.

सोसायटीची सगळी बाकी हरकत राखून भरली. टँकरचे भांडण सोडलेले नाही, पण ते आता माझ्या खर्चाने चालेल. सेक्रेटरीसमोर वॉल्व्ह उघडून घेतला आणि ती पाटी मी माझ्या हाताने काढली. नळ आधी नुसता खोकला, मग गढूळ आला, मग स्वच्छ झाला. इंदुबाईंनी त्याच्याखाली दोन्ही हात धरले आणि बराच वेळ काढलेच नाहीत. गावाकडची बॅग भरून दाराशी ठेवली होती, ती अपेक्षाने माझ्यासमोर पलंगाखाली सरकवली.

मग चहा झाला. तो नळाच्या पाण्याचा नव्हता. मी वर आणलेल्या कळशीतलाच करा, अशी मी विनंती केली.

हेमा हे पत्र वाचून म्हणाली की वर क्रमांक घालायचा राहिला. राहिलेला नाही.

लोभ असावा.

तुझा,
दिगंबरकाका