टेम्पोवाल्याशी बोलणं

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज परत त्याच्याशी भांडले. भाजी चिरता चिरता! तो समोर नव्हताच — दोघांचंही मीच बोलत होते.

मी म्हटलं, एवढा सहा फुटी माणूस, सायकलवर, अंगात पिवळं जाकीट — दिसला नाही तुला?
तो म्हणाला, धुकं होतं.
मी म्हटलं, धुकं सगळ्यांनाच होतं.

वाक्य झकास जमलं. लिहून ठेवावं असं वाटलं, आणि लगेच स्वतःची किळस आली. नवरा जाऊन तीन महिने होतायत आणि ही बाई वाक्यांना दाद देतेय!

मागे वन्सं उभ्या. "कोणाशी बोलतेस गं?"
"श्रुतिकेचे संवाद म्हणून बघतेय."

रेडिओसाठी लिहिण्याचा हा एक फायदा. एकटीनं बडबडलेलं खपून जातं.

५ फेब्रुवारी

निर्मात्याचा फोन. नवी मालिका काढतोय — जुन्या गोष्टींतली माणसं एकमेकांना भेटतात, बोलतात. माझ्या वाट्याला लढाई जिंकलेला राजा आणि त्याच्या हातून मेलेल्या सैनिकाची बायको. मुद्दाम दिलंय की सहज, देव जाणे. "शेवट शांततेचा करा हं," म्हणाला. "लोक जेवताना ऐकतात."

बायकोचं सगळं भराभर सुचतंय. पानंच्या पानं! राजा मात्र तोंड उघडत नाही. माफी मागायला लावली तर गुळगुळीत होतो, ताठ ठेवला तर लाकडाचा. त्याचं एक वाक्य खरं वाटेल तर शपथ.

७ फेब्रुवारी

वन्सं रोज सकाळी खिडकीपाशी डोळे मिटून बसतात. भाऊ गेल्यापासून माझ्याकडेच आहेत. प्रार्थनेला माझी ना नाही. पण आज सहज विचारलं, काय मागता एवढं? तर म्हणतात —

"त्याच्यासाठीपण मागते. त्या टेम्पोवाल्यासाठी."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. "वन्सं, तुमचा सख्खा भाऊ गेलाय!"

"म्हणूनच. नाहीतर मी त्याला शिव्या घालत बसेन. आणि मला शिव्या फार चांगल्या येतात, तुला माहीत नाही."

हसू आलं. हसल्याचा राग आला. उठून गॅलरीत गेले, परत आले, परत गेले. तपासात निघालं की टेम्पोचे ब्रेक निकामी झाले होते. त्याला सोडून दिलं. बरोबर आहे, कायद्यानं बरोबर आहे. मग मी रागवायचं कोणावर — ब्रेकवर?

९ फेब्रुवारी

डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, "आणलं तेव्हा शुद्ध नव्हती. त्यांना काही कळलं नसेल." सांत्वन म्हणून म्हणाले. मला तेच कुरतडतंय.

काय मजेशीर शब्द आहे, शुद्ध. मुलांच्या वह्यांत शुद्धलेखन तपासणारा माझा मास्तर, आणि त्याचीच शुद्ध हरपली. हरपली म्हणजे गेली कुठे? वीस वर्षं शेजारी झोपलेला माणूस — त्याच्या डोक्यात शेवटी काय होतं? भीती होती? मी होते? की संपूर्ण कोरं? वन्सं म्हणतात आत्मा. ठीक आहे, त्यांना आत्मा पुरतो. मला त्याचं शेवटचं वाक्य हवंय. लिहिणारीचा हावरटपणा, दुसरं काय!

रस्त्यावर त्या वेळी दोनच माणसं होती. एक गेला.

१० फेब्रुवारी

काही लिहिलं नाही. धुतलेले अभ्रे परत धुतले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वन्सं जेवताना म्हणाल्या, "तू कोणाशी भांडतेस ते कळतं मला. भिंती काही एवढ्या जाड नाहीत तुमच्या."

मी आमटी वाढून घेतली.

"मग खऱ्याशी जाऊन बोल ना. तोही तू, तीही तू — जिंकणार कोण?"

त्यांना त्याचा ठावठिकाणासुद्धा माहीत आहे! तपास करणाऱ्या अंमलदाराला विचारला म्हणे. टेम्पो सोडलाय त्यानं. फर्निचरच्या गोदामात माल चढवतो.

नाही जाणार. अजिबात नाही.

१६ फेब्रुवारी

उद्या जाणार आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. गोदामाच्या दारात प्लायवूडचे ढीग, भुशाचा वास. मुकादमानं हाक मारली तसा तो आतून आला.

माझा टेम्पोवाला दांडगा होता, आवाज चढवणारा. हा पन्नाशीचा, बारकासा, कानावर पेन्सिल. मी कोण ते सांगितलं. त्यानं पेन्सिल काढून खिशात ठेवली — देवळात शिरताना माणूस चप्पल काढतो तशी. एका खोक्यावर मला बसायला सांगितलं, स्वतः उभाच.

एवढी वाक्यं घोकलेली! एक आठवेना. तोंडातून निघालं ते एवढंच —

"शुद्धीवर होते का?"

"होते, ताई."

"डॉक्टर म्हणाले, नव्हते."

"दवाखान्यात नेईपर्यंत गेली असेल. रस्त्यावर होती."

"काही बोलले?"

तो हाताच्या तळव्याकडे बघत राहिला. मागे कोणीतरी खिळे ठोकत होतं. मुकादमानं त्याला हात करून थांबवलं.

"मी टेम्पोतून कसाबसा बाहेर आलो. कपाळ फुटलं होतं, डोळ्यात रक्त. त्यांना उठवायला वाकलो. तर माझ्याकडे बघून म्हणाले, 'अहो, तुम्हाला लागलंय. बसा आधी.'"

"मग?"

"मग मी बसलो."

पुढे काही नाही. ॲम्ब्युलन्स येईतो तो तिथेच बसला होता, माझ्या नवऱ्याचा हात धरून. "आता स्टिअरिंगवर हात ठरत नाही," म्हणाला. माफी मागितली नाही. मीही दिली नाही. पाणी दिलं त्यानं, ते प्यायले.

वन्सं दारातच वाट बघत होत्या. "काय म्हणाला?"
"नंतर सांगते." खोलीत गेले ती संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाही.

१९ फेब्रुवारी

राजा बोलायला लागला! थोडंच बोलतो, पण खरं. निर्माता खूश.

आणि मला आता चैन नाही. तुम्हाला लागलंय, बसा आधी — फार चांगलं वाक्य आहे हे. जरा जास्तच चांगलं! मरणारा माणूस असं बोलतो? श्रुतिकेत मी घातलं असतं तर मीच खोडलं असतं — फार गोड म्हणून. त्याला तीन महिने मिळालेत. सुटल्यावर माणूस मनाशी काहीबाही रचतो, हजारदा म्हणतो, शेवटी स्वतःलाच खरं वाटायला लागतं. माझ्याइतकं हे कोणाला माहीत?

की कोणी पढवलं त्याला? अंमलदाराकडून पत्ता मिळवणारी बाई पत्त्यावर गेली नसेल कशावरून? जितका विचार करते तितकं डोकं भणाणतं. मिळालेलं एकुलतं एक वाक्य, तेही आता हातातून चाललं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सरळ विचारलं. "वन्सं, माझ्या आधी तुम्ही भेटलात ना त्याला?"

चेहरा पडला त्यांचा. "भेटले. रागावू नकोस. तुझी घालमेल बघवत नव्हती गं. मीच सांगितलं त्याला काय म्हणायचं ते."

मी खाली बसले. "काय सांगितलंत?"

"की देवाचं नाव घेत, शांतपणे गेला. तेच म्हणाला ना?"

"नाही," मी म्हटलं, आणि तो जे बोलला ते शब्दशः सांगितलं.

वन्सं माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या —

"असं माझा भाऊच बोलेल. हा आपलाच."